रीपे नावाचा पाद्री

प्रश्न : आमच्या सासरी, कर्जत तालुक्यात, शंकराच्या देवळात एक जुनी घंटा आहे. तोंड दीड फुटाचं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची ही घंटा आणि ती आमच्या पूर्वजांना बक्षीस मिळाली, असं घरात सांगतात. सध्या जीर्णोद्धार चालू आहे. घंटेवरच्या ऑइलपेंटचे पोपडे निघाले तेव्हा खाली उठावदार इंग्रजी अक्षरं दिसली. त्यातलं ‘रीपे’ एवढं नीट लागतं, दुसऱ्या बाजूला ‘शेफ’ असं काहीतरी आणि आकडा १६६१. थोरले भाऊजी इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, रीपे हे पोर्तुगीज पाद्र्याचं नाव, आणि १६६१ हा शक. त्यात ७८ मिळवले की १७३९, म्हणजे वसईचंच साल. संगमरवरी फलक करायला टाकायचाय. एक व्यापारी ‘वसईची असेल तर दोन लाख देतो’ म्हणून मागे लागलाय. मध्यंतरी एका भंगारवाल्याने चुंबक लावून ‘लोखंड आहे’ म्हटलं, तेव्हा भाऊजींनी त्याला हाकलून दिलं. आत्येसासूबाई (वय ८२) म्हणतात ही घंटा आगगाडीची आहे, पण त्यांचं कुणी मनावर घेत नाही. घंटा खरी आहे का? फलकावर काय लिहू?

उत्तर : ताई, आधी फलकवाल्याला फोन करून थांबायला सांगा, मग पुढचं वाचा.

तुम्ही अकरा फोटो पाठवलेत, त्यातला नववा सगळ्यात कामाचा. घंटेच्या कमरेपाशी हिरव्या रंगाचा पोपडा निघालाय आणि तिथे तांबूस तपकिरी गंज दिसतोय. काशाला किंवा पितळेला असा गंज चढत नाही. ती काळवंडतात, हिरवट पडतात, दमट जागी त्यांच्यावर हिरवी पूड धरते. तांबडा गंज धरतं ते लोखंड नाहीतर पोलाद. भंगारवाला बरोबर होता. या माणसांच्या हाताखालून रोज इतका धातू जातो की त्यांचा अंदाज मी सहसा मोडीत काढत नाही. खात्रीसाठी तुम्हीही चुंबक लावून बघा. मात्र तो घंटेच्या अंगाला लावा, आतल्या लोलकाला किंवा वरच्या टांगायच्या पट्टीला नको. त्या दोन वस्तू काशाच्या घंटेतही बहुधा लोखंडीच असतात आणि त्यावरून पुष्कळ जण फसतात. अंगाला चुंबक घट्ट चिकटला तर काशाचा, पितळेचा आणि पंचधातूचा प्रश्न तिथेच मिटला.

आता तुमचा रीपे. हे नाव वाचलं आणि मी खुर्चीत जरा सावरून बसलो, कारण ते ओळखीचं आहे. तो पाद्री नव्हे, पेटंटवाला. पोपडे आणखी निघाले की त्याच्या आधी एक ‘ई’ आणि पुढे ‘पेटंट’ हा शब्द सापडेल असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या बाजूचं ‘शेफ’ म्हणजे शेफील्ड, इंग्लंडातलं पोलादाचं गाव. त्याच ओळीत ‘नेलर विकर्स आणि कंपनी’ असायला हवं, आणि कुठेतरी ‘कास्ट स्टील’, म्हणजे ओतीव पोलाद. अशा पुष्कळ घंटांवर क्रमांकही पाडलेला असतो. तो सापडला तर मला जरूर कळवा.

आकडा १६६१ नाही, १८६१ आहे. सहाव्या फोटोत दुसरा अंक मोठा करून पाहा. इंग्रजी आठाच्या वरच्या वाटोळ्याची उजवी बाजू झिजली की त्याचा सहा होतो. पण शेजारी खरा सहा आहेच, तो ताडून बघायला देवानेच ठेवलाय म्हणा. त्या सहाची शेंडी नुसती वळून वर गेलीय. तुमच्या ‘पहिल्या सहा’ला वर डावीकडे चक्क अर्धं वाटोळं आहे. बॅटरी समोरून मारू नका. रात्री देवळातले दिवे घालवा आणि बॅटरी घंटेच्या अंगाला जवळजवळ टेकवून तिरकी धरा, म्हणजे उठावाची सावली पडते आणि पुसट अक्षरही उभं राहतं. जुने शिलालेख वाचणारे हेच करतात.

पोलादाची घंटा ही भानगड काय होती, ते थोडं सांगतो. घंटा म्हटलं की शतकानुशतकं एकच धातू, कासं. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. दोन्ही महाग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत बोखुम इथे याकोब मायर नावाच्या माणसाने वितळलेलं पोलाद साच्यात ओतून मोठ्या वस्तू करायची रीत बसवली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या कारखान्याने पोलादी घंटा मांडल्या, तेव्हा प्रतिस्पर्धी क्रुपने सरळ आरोप केला की हे पोलाद नव्हेच, बिडाच्या घंटा आहेत. मायरने काय करावं? एक घंटा फोडली आणि तिचे तुकडे तापवून घडवून दाखवले. बीड तापवून ठोकलं की त्याचे तुकडे उडतात, पोलाद मऊ होऊन आकार घेतं. वाद मिटला. ही रीत इंग्लंडात रीपे या नावाच्या पेटंटाखाली गेली आणि शेफील्डच्या नेलर विकर्सने तिच्यावर घंटा ओतायला सुरुवात केली. काशाच्या मानाने स्वस्त पडत असल्याने त्या देशोदेशी गेल्या. आवाजात मात्र मार खाल्ला. पोलादाचा टोल कडक आणि तुटका, काशासारखा रेंगाळत नाही. तुमच्या देवळातली घंटा ‘ठण्ण’ करून लवकर गप्प होते का, बघा.

पुढे १८६७ मध्ये या कंपनीचं नाव विकर्स सन्स झालं आणि घंटा मागे पडून तिथे तोफा, चिलखती पत्रे, जहाजं असा मोठा कारभार सुरू झाला. मुंबईला पूर्वी उभी असायची ती जुनी ‘विक्रांत’ तुम्ही पाहिली असेल तर याच घराण्याचं नंतरचं काम पाहिलंय. तिचा सांगाडा विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत बांधला गेला आणि ती आपल्या नौदलात दाखल झाली १९६१ साली, तुमच्या घंटेनंतर बरोबर शंभर वर्षांनी.

भाऊजींकडे वळतो. त्यांच्यावर हसू नका, कारण त्यांचं गणित चोख आहे. वसई पडली मे १७३९ मध्ये आणि तेव्हा शके १६६१ च चालू होता. अशी जुळणी समोर आली तर माझीही छाती फुगली असती. चूक बेरजेत नाही, त्याच्या आधी आहे. लुटीत आलेली घंटा लुटीच्या आधी ओतलेली असणार, मग तिच्यावर ओततानाच लुटीचं साल कसं येईल? मराठ्यांनी ते नंतर घातलं म्हणावं, तर ते छिन्नीने कोरलेलं असतं, देवनागरीत किंवा मोडीत. तुमचा आकडा अक्षरांसारखाच उठावदार आहे, म्हणजे तो साच्यातूनच आलाय. आणि पोर्तुगीज ओतारी शक लिहीत नव्हते, इसवी सन लिहीत.

मग कुणी म्हणेल, १६६१ हा इसवी सनच धरा. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडेच होती, तेव्हा तेही साल बसतं. साल बसतं, धातू बसत नाही. सतराव्या शतकात दीड फुटी पोलादी घंटा ओतण्याची विद्याच नव्हती. घंटेवरचं साल आणि घंटेचा धातू यांचं भांडण लागलं तर धातूचं ऐकावं.

खऱ्या वसईच्या म्हणवणाऱ्या घंटा बघायच्या असतील तर भाऊजींना घेऊन एक फेरी कराच. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची उठावदार आकृती आहे आणि साल १७०७. नाशकात पंचवटीला नारोशंकराचं देऊळ, तिथल्या घंटेवर १७२१. गोदावरीला मोठा पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत गेलं का, असं नाशिककर अजून विचारतात. भीमाशंकरलाही एक आहे, क्रूस असलेली, आणि ती तर तुमच्या कर्जतहून डोंगर चढून गेलं की पलीकडेच. दोन्ही सालं १७३९ च्या अलीकडची नाहीत, हे भाऊजींना जाता जाता दाखवा. तिथे आणखी एक गोष्ट बघा. या घंटांवरची चित्रं आणि अक्षरं भक्तीची आहेत, क्रूस, मेरी. तुमच्या घंटेवरची अक्षरं दुकानदाराची आहेत: कंपनी, गाव, साल, पेटंट. चर्चची घंटा देवाशी बोलते, तुमची गिऱ्हाइकाशी.

‘घंटा खरी आहे का’ असं विचारलंत. वसईची नाही, पण खरी आहे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण जरा गमतीचं आहे. खोट्या घंटेवर कायम मोठं नाव असतं. टायटॅनिक. ईस्ट इंडिया कंपनी. जे नाव ऐकून गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे जाईल ते. मी पंचवीस वर्षांचा असताना मुंबईतल्या जुन्या बाजारातून एका आगबोटीची ‘१८८४ ची’ पितळी घंटा घेतली होती, त्या काळात महिन्याभराच्या पगाराला. दोन महिन्यांनी त्याच गल्लीत दुसऱ्या दुकानात तीच घंटा टांगलेली. तेच जहाज, तेच साल, आणि ओठाजवळ तोच ओरखडा. साच्यातच ओरखडा होता! ती घंटा आता आमच्याकडे कुकरच्या शिट्टीला पर्याय म्हणून, जेवायला बोलवण्यासाठी आहे. सांगायचं हे की रीपेसारख्या कुणालाच माहीत नसलेल्या माणसाचं नाव घालून, तेही पोलादात, नकली घंटा ओतायला कोण बसेल? पितळ वितळवणं त्याहून कितीतरी सोपं.

झिजेवरूनही पारख होते. नव्या घंटेला जुनं करायचं तर आम्लाने काळी करतात, मातीत पुरतात, पण सगळा मळ सारखा चढतो. खरी वापरलेली घंटा जिथे वापरली तिथेच झिजते. तुमच्या दहाव्या फोटोत ओठाच्या आतल्या जाड पट्ट्यावर एका बाजूला अंगठा बसेल एवढा खळगा पडलाय. तिथला रंगही उडालाय आणि धातू गुळगुळीत झालाय. समोरच्या बाजूला मात्र नुसते पुसट ठोके. देवळात भाविक लोलक दोन्हीकडे हलवतात, उंच पुरुष एका बाजूने, बायका दुसऱ्या बाजूने, पोरं उड्या मारून कुठूनही. एवढा एकांगी खळगा पडतो तो लोलकाला दोरी बांधून वर्षानुवर्षं एकाच अंगाने ओढली तर. शाळेत, गिरणीत, स्टेशनावर अशी घंटा वाजते. हा पुरावा नव्हे, पण कान टवकारावेत इतपत आहे.

आणि इथे आत्याबाई येतात. ‘आगगाडीची घंटा.’ कर्जत बोरघाटाच्या पायथ्याशी. जी.आय.पी. रेल्वेचं घाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला गाडी घाट चढली. घंटा १८६१ ची. झालं, बसवली गोष्ट! पण थांबा, भाऊजींनी १६६१ च्या बाबतीत केलं तेच मी आता करतोय. साल जुळलं की गोष्ट खरी वाटायला लागते. घंटा १८६१ ला शेफील्डला ओतली, याचा अर्थ ती त्याच वर्षी कर्जतला आली असा होत नाही. ती वीस वर्षांनी एखाद्या मिशनच्या शाळेत आली असेल, मुंबईच्या लिलावात कुणी घेतली असेल. बऱ्याच स्टेशनांवर तर घंटा म्हणून रुळाचा तुकडाच टांगलेला असे. म्हणून आत्याबाईंचं म्हणणं आत्ता खरं धरू नका, फक्त तपासायच्या यादीत सगळ्यात वर घाला. वसईची गोष्ट त्या यादीतून गेली, त्यांची अजून आहे.

तपासायचं कुठे? माळ्यावर जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे असतील, त्यात देवळाच्या दिवाबत्तीचे, खर्चाचे हिशोब असू शकतात. घंटा टांगायला सुतार, लोहार, दोर असा खर्च पडतोच आणि आपल्या लोकांनी आणेपैसुद्धा लिहून ठेवलेत. मोडी वाचणारं जवळ कुणी नसेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. घराण्यात कुणी रेल्वेत होतं का, मुकादम, पॉइंटमन, ठेकेदाराकडे कारकून, काहीही, हेही शोधा.

रंग काढायचा उत्साह आवरा. ग्राइंडर नको, तारेचा ब्रश नको, चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीच नको. ते पितळेचे उपाय आहेत, पोलादाला आंबट लागलं की दुसऱ्या दिवशी गंज. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, पोरांना लांब ठेवा आणि खरवडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्या. अक्षरांच्या पट्टीपुरताच रंग बांबूच्या कामटीने उचला. निघेल तेवढा निघेल. मग पातळ कागद धरून शिसपेन्सिलने ठसा घ्या, सगळ्या पट्टीचा, घंटेला वळसा घालून. उघड्या पडलेल्या जागी कोरडं करून मेणाचा हलका हात द्या. बाकीचा हिरवा रंग राहू दे. कितीही कुरूप दिसला तरी त्यानेच तिला इतकी वर्षं गंजापासून वाचवलंय. पाचव्या फोटोतला टांगायचा बोल्ट मात्र आजच बदला. तो अर्धा खाल्ला गेलाय आणि खाली माणसं उभी राहतात.

व्यापाऱ्याचं. त्याने ‘वसईची असेल तर’ म्हटलंय, म्हणजे ती खात्री तुमच्याकडून लिहून घेऊन तो पुढे विकणार, आणि उद्या गिऱ्हाईक भांडायला आलं तर तुमचाच कागद पुढे करणार. शिवाय देवळाचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर घंटा ट्रस्टची, भाऊजींची नाही आणि तुमच्या यजमानांचीही नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर खासगी माणसाला नेता येत नाही. परवाना बघायला मागा. नव्वद टक्के लोक त्यानंतर फोन उचलत नाहीत.

फलक. संगमरवर आत्ता नको, त्यावरचं खोडता येत नाही. ठसा मिळाला आणि अक्षरं मी म्हणतोय तशीच निघाली, तर लाकडी पाटीवर एवढंच लिहा : ‘ही ओतीव पोलादाची घंटा १८६१ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे नेलर विकर्स कंपनीने ओतली.’ खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडा. वसईचा उल्लेख करू नका, ‘परंपरेनुसार’ असं लावूनसुद्धा नको. दहा वर्षांनी त्यातलं ‘परंपरेनुसार’ गळतं आणि उरलेलं वाक्य इतिहास होऊन बसतं.

भाऊजींना हे सगळं पत्र वाचून दाखवू नका. निवृत्त शिक्षक आहेत, सगळ्यांसमोर नापास केलेलं त्यांना चालणार नाही. त्यांच्या हातात ती तिरकी बॅटरी द्या आणि ‘भाऊजी, हा पहिला सहा जरा शेजारच्या सहाशी ताडून बघता का’ एवढंच म्हणा. शोध त्यांचाच लागू दे. घरात पोरांना वसईची गोष्ट ते सांगत आलेत, ती सांगू देत. ओट्यावर सांगितलेल्या गोष्टीला कुणी बिल मागत नाही.

यातलं काहीही करण्याआधी आत्याबाईंकडे जाऊन बसा. घंटा खरी की खोटी हे त्यांना विचारू नका. आगगाडीची म्हणून कुणी सांगितलं, तेव्हा त्या किती वर्षांच्या होत्या, घंटा तेव्हा हिरवीच होती की दुसऱ्या कुठल्या रंगाची, आणि दोरी होती का, असं विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत मोबाइलवर रेकॉर्ड करा. ठसा पंधरा दिवसांनी घेतला तरी चालेल, घंटा कुठे जात नाही.